व्हॉल्व्हरावांचं एकच उत्तर

जगात कुठंही, कुणाचंही रॉकेट पडलं की व्हॉल्व्हराव एकच शब्द बोलायचे. रॉकेट जळून पडो, वाकडं जाऊन पडो, नाहीतर जमिनीवरून उठायलाच नको म्हणो, यांचं निदान तयार. "व्हॉल्व्ह." मग पुढं कितीही डोकेफोड करा, माणूस ऐकायचा नाही.

त्यांचं खरं नाव बायकोला आणि वीज कार्यालयाला ठाऊक होतं, बाकी कुणाला त्याची गरज पडत नसे. हे दुसरं नाव ठेवलं दातांच्या डॉक्टरांनी, तेही वैतागून. कुठल्याशा उपग्रहाचे वीज बनवणारे पंख उघडले नाहीत, त्यावर दोन तास वाद झाला, आणि शेवटी व्हॉल्व्हराव म्हणाले, "काही म्हणा, व्हॉल्व्हच." डॉक्टर म्हणाले, "अहो, पंखांना व्हॉल्व्ह नसतो. तुम्हांला आता व्हॉल्व्हरावच म्हणायला हवं." म्हणाले चिडवायला, पण यांना ते आवडलं. माणूस असा निघाल्यावर चिडवणाऱ्यानं करायचं काय?

धंदा पंप दुरुस्तीचा. पुढं दुकान, मागं घर. दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला पोट उघडे टाकलेले पंप, दुसऱ्या भिंतीला दुरुस्त होऊन रंग लावलेले, आणि मधोमध सिमेंटची टाकी. दुरुस्त झालेला पंप त्या टाकीतलं पाणी खेचून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात जात नसे. ग्रीसचा वास इतका मुरलेला की व्हॉल्व्हरावांची बायको म्हणायची, मी या घरात आले तेव्हा आठ दिवस जेवण गेलं नव्हतं, आता बाहेरगावी गेले की जात नाही.

व्हॉल्व्हचा हट्ट तसा हवेतून आला नव्हता. पंप घेऊन येणारा माणूस निदान सोबत घेऊनच येतो. मोटार जळली म्हणतो, वाइंडिंग गेलं म्हणतो, शेजाऱ्यानं काहीतरी केलं असंही म्हणतो. आणि बघावं तर खाली पाण्यात बुडलेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये एवढासा खडा अडकलेला. व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, पाणी खाली उतरून जातं, आणि वर पंप बिचारा नुसता बोंबलत बसतो. खडा काढला की सगळं सुरळीत. उभा जन्म हेच पाहिल्यावर जे विहिरीत खरं तेच आभाळातही खरं असणार, असं व्हॉल्व्हरावांच्या मनानं घेतलं होतं.

दर रविवारी दुपारी दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं की मंडळी जमायची. मंडळी म्हणजे चारच. व्हॉल्व्हराव, दातांचे डॉक्टर, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई, आणि समोरचे टेलरमास्तर. चौघांनाही आभाळाचं वेड, आणि चौघांच्या घरच्यांना या वेडाचा कंटाळा, त्यामुळं एकमेकांशिवाय जाणार कुठं? चंद्र आपल्याला एकच तोंड का दाखवतो, प्रकाश थकतो का, अंतराळ स्थानकातून चेंडू खाली फेकला तर पृथ्वीवर पडेल का, असलं काहीही. त्या चेंडूवरून तर मोठंच रामायण झालं. मास्तर म्हणाले, खाली फेकला म्हणजे खालीच पडणार, यात विचारायचं काय? बाईंनी समजावलं, की चेंडू आधीच स्थानकाच्या वेगानं पळतोय, आपण दिलेला झटका त्यापुढं काहीच नाही, तो वाट जराशी बदलून फिरतच राहील. मास्तर पंधरा दिवस बाईंशी बोलले नाहीत. बाईंचा कोट मात्र वेळेत शिवून दिला.

पण सगळ्यात रंगायचा तो पंचनामा. कुठलंही यान, कुठलंही रॉकेट फसलं की पुढच्या रविवारी पंचनामा ठरलेला. त्याचा नियम असा. प्रत्येकानं उभं राहायचं आणि एकच गुन्हेगार सांगायचा. बहुधा, कदाचित, मला वाटतं, हे शब्द बंद. सांगून झालं की बाकीचे तिघं तुटून पडणार, आणि उत्तरं संपेपर्यंत बसायची परवानगी नाही. आता गंमत पाहा. डॉक्टरांना प्रत्येक वेळी कुठंतरी बारीक चीर दिसायची, बाहेरून न दिसणारी, आत पोखरत गेलेली. मास्तर सांध्याला धरायचे, कुठलाही सांधा, जिथं दोन तुकडे जोडले तिथंच उसवणार म्हणायचे. बाईंचा संशय कायम आकडेमोडीवर. आणि व्हॉल्व्हराव आपले व्हॉल्व्हवर. पुढं खरं कारण जाहीर व्हायचं तेव्हा डॉक्टर, बाई, मास्तर आळीपाळीनं जिंकायचे. व्हॉल्व्हराव कधीच नाही. एकदा जवळपास आले होते, तर तो व्हॉल्व्ह नव्हता, व्हॉल्व्हची तार होती. डॉक्टरांनी तारेला मार्क द्यायला साफ नकार दिला.

याच गोंधळात व्हॉल्व्हरावांची मुलगी वाढली. रांगायला लागल्यापासून रविवारी ती कामाच्या टेबलाखाली, आणि वाचा फुटल्यापासून तिथूनच शंका. "म्हणजे चंद्रावर पतंग उडणारच नाही?" "मग तिथं वारा नाही तर घाम कसा वाळतो?" मंडळी तिला शंकाबाई म्हणायची. ती उत्तर नीट मिळेपर्यंत मास्तरांच्या पायजम्याला धरून बसायची, आणि मास्तर उत्तर येत नसलं की शिताफीनं तिला बाईंकडं ढकलायचे.

शंकाबाई शिकली, इंजिनियर झाली, आणि दूरच्या शहरात यानं बनवणाऱ्या केंद्रात लागली. तिथं तिला काम काय मिळालं? एका लहानशा यानाच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह. फोनवर हे ऐकलं आणि व्हॉल्व्हराव अनवाणीच रस्ता ओलांडून मास्तरांकडं गेले. "अहो, यानात हजार भाग असतात. हजारांतून माझ्या पोरीला कुठला मिळावा?" मास्तर सुई ओवत होते, त्यांनी वरही न बघता सांगितलं, "मग आता यान पडणार." दोघंही पोट धरून हसले. नंतर हे हसणं मास्तरांना फार लागलं, झोपेतही आठवायचं म्हणे.

यान जाणार होतं एका लघुग्रहाकडं. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा मोठा धोंडा. वर्षभराचा प्रवास, आणि शेवटी इंजिन उलटं पेटवून वेग कमी करायचा, म्हणजे तो धोंडा आपल्या हलक्या ओढीनं यानाला धरून ठेवेल. त्या दिवशी चौघंही दुकानात पडद्यासमोर बसले. व्हॉल्व्हरावांची बायकोही हात पुसत येऊन उभी राहिली. एरवी या भानगडीत ती कधी पडायची नाही, पण पडद्याच्या पलीकडं, यान चालवणाऱ्यांच्या त्या खोलीत, तिची लेक होती.

इंजिन पेटल्याचं सांगितलं गेलं. पडद्यावर वेगाचा आकडा होता, तो उतरायला हवा होता. जरासा उतरला आणि तिथंच राहिला. सगळ्यात आधी बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. यान लघुग्रहाच्या शेजारून गेलं आणि पुढं निघून गेलं. बाकी सगळं ठणठणीत होतं, वीज होती, संदेश येत होते, फक्त ते थांबलं नव्हतं.

तेव्हा तो शब्द व्हॉल्व्हरावांच्या जिभेवर आला होता. सवयच ती. त्यांनी तो गिळला. पण आला होता हे त्यांना स्वतःला कळलं, आणि पुढचे आठ दिवस त्यांना कुठल्याही पंपाकडं सरळ बघवेना.

आठवड्यानं शंकाबाई घरी आली. एक बॅग, आणि तोंडावर हसू, तेही उगाच चिकटवलेलं. रजेवर आले म्हणाली. दोन दिवस आतल्या खोलीत पडून राहिली. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाली, "मी ती नोकरी सोडतेय. कळवायचं तेवढं राहिलंय."

"तिथं कुणी बोललं का तुला?" आईनं विचारलं.

"कुणी काही बोललं नाही. सगळे फार चांगले वागतात."

आई स्वयंपाकघरातून तडक दुकानात आली. "ती सोडतेय म्हणते. तिला काहीतरी सांगा."

"काय सांगू?" व्हॉल्व्हरावांच्या हातात पान्हा तसाच राहिला.

"मला काय विचारता? रविवारी तोंडाचा पट्टा थांबत नाही तुमचा."

व्हॉल्व्हराव आत गेले. लेकीच्या दाराशी उभे राहिले आणि विचारलं, "पंखा लावू का?" ती म्हणाली, "नको." परत आले. बापाला पोर जीव की प्राण होती हो, पण शब्द म्हणून एक फुटेना. टेबलाखाली बसून प्रश्न विचारणारी ती पोर हे काम सोडून आयुष्यभर दुसरं काहीतरी करत बसणार, आणि आपण पंखा लावू का विचारतोय, या विचारानं त्यांचं मन त्यांनाच खाऊ लागलं.

रविवार उजाडला. व्हॉल्व्हरावांनी सकाळीच तिघांना निरोप धाडला, आज नको. त्याचा परिणाम असा झाला की तिघंही नेहमीपेक्षा लवकर आले. प्रत्येक जण एकटाच आला होता, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची काळजी.

"मी मुद्दाम आलो," डॉक्टर हळूच म्हणाले. "मास्तरांना काही पोच नाही, ते येऊन काहीबाही बोलतील."

"मी डॉक्टरांसाठी आलो," मास्तर म्हणाले. "त्यांची सवय तुम्हांला ठाऊक आहे, नको तिथं टोकरत बसतात."

बाई म्हणाल्या, "मी तुम्हां दोघांसाठी."

आता जमलेच तर परत कसं पाठवायचं? बायकोनं चहा टाकला. भिंतीच्या पलीकडं पोर पडली होती, आणि चौघं दुकानात मुक्यानं बसले तर तिला त्याचा अर्थ कळल्याशिवाय राहणार होता का? रविवारची दुपार आणि आवाज नाही, असं त्या घरात तिच्या जन्मापासून झालं नव्हतं. शेवटी कुजबुज होऊन ठरलं. पंचनामा करायचा. मोठ्यानं करायचा, नेहमीसारखा. फक्त एक गोष्ट सोडून. कुठली ते कुणी बोललं नाही.

मास्तर उभे राहिले आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "सांधा. टाकीचा सांधा उसवला." कुणी काही विचारलं नाही. मास्तर बसले.

डॉक्टर उठले. "चीर. नळीला चीर होती." पुन्हा कुणी विचारलं नाही. डॉक्टरही बसले.

बाईंची पंचाईत झाली. त्या यानाचे आकडे त्यांनी घरी बसून तीनदा तपासले होते आणि ते चोख होते. खोटं बोलायची सवय नाही. उभ्या राहिल्या, घाम पुसला, "आकडेमोड," असं पुटपुटल्या आणि धपकन बसल्या.

मग व्हॉल्व्हराव उठले. घसा खाकरला. "सूर्य," ते म्हणाले. "सूर्यावर वादळ झालं त्या दिवशी. सगळी यंत्रणा बिघडली."

तिघांनी माना डोलावल्या. "शक्य आहे," डॉक्टर म्हणाले. ज्या माणसानं तारेला मार्क दिले नव्हते, तो माणूस म्हणाला, शक्य आहे.

"कुठल्या दिवशी झालं वादळ?"

आतल्या दारात शंकाबाई उभी होती. केस विस्कटलेले, अंगावर आईची शाल.

"त्या... त्याच दिवशी," व्हॉल्व्हराव म्हणाले.

"नव्हतं झालं. सूर्य आठवडाभर शांत होता, मी रोज बघत होते." ती आत आली. "बाबा, आपला मिक्सर बिघडला होता तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

व्हॉल्व्हरावांनी टेबलावरचा एक नट उचलला आणि परत ठेवला.

"शाळेत माझं नाटक पडलं तेव्हा? आईचं डोकं दुखतं तेव्हा? तुम्ही सगळ्याला व्हॉल्व्ह म्हणता. ज्याला व्हॉल्व्ह नसतो त्यालाही म्हणता. आणि ज्या यानात माझा व्हॉल्व्ह होता त्याला नाही म्हणत." तिचा आवाज चिरकला. "म्हणजे एरवी गंमत असते तुमची. या वेळी तुम्हांला खरंच तसं वाटतंय."

मास्तर उठून तिच्याजवळ जायला लागले तर तिनं हातानंच थांबवलं.

"ऑफिसात हेच चाललंय, काका. मी आले की आवाज खाली जातात. मला जागेवर चहा आणून देतात. कामाचं म्हणून कुणी एक प्रश्न विचारत नाही. सगळ्यांना माझ्या व्हॉल्व्हचाच संशय आहे, सगळे माझ्या पाठीवरून हात फिरवतात आणि निघून जातात. मला वाटलं होतं, घरी तरी कुणी विचारेल. त्यासाठी आले होते मी."

व्हॉल्व्हरावांना असं झालं की कुणीतरी छातीवर पंपच ठेवलाय. आपण लेकीला जपायला गेलो आणि नेमका तिच्या तोंडावर दरवाजा लावला, हे त्यांना तिथल्या तिथं कळलं. ते बसले होते, पुन्हा उठले. टेबलाची कड धरली.

"व्हॉल्व्ह," ते म्हणाले.

शंकाबाईनं मान वर केली.

"इंजिनाचा व्हॉल्व्ह. माझ्या मुलीनं बनवलेला. तो पूर्ण उघडला नाही."

क्षणभर असं वाटलं की आता रडारड होणार. पण बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वर्गात विचारत असतील तशा करड्या आवाजात विचारलं, "दोन व्हॉल्व्ह असतात. इंधनाचा एक, आणि वर हवा नाही म्हणून इंधन जाळणारं जे द्रव बरोबर न्यावं लागतं, त्याचा दुसरा. कुठला?"

"दुसरा," व्हॉल्व्हराव म्हणाले.

"कशावरून?" डॉक्टर.

"कशावरून म्हणजे... तो... " व्हॉल्व्हरावांची गाडी अडली. "खडा अडकला असेल."

"अंतराळात खडा?" मास्तरांना राहवलं नाही. "कुणी टाकला?"

"गाळणी असते आधी," शंकाबाई म्हणाली. "खडा नाही. सील फुगलं."

सगळे तिच्याकडं वळले. ती कामाच्या टेबलापर्यंत आली होती.

"आतलं रबरी सील. व्हॉल्व्ह मिटलेला असताना द्रव गळू नये म्हणून असतं. त्या द्रवात ते भिजतं आणि थोडं फुगतं, ते आम्हांला माहीत होतं. तेवढं फुगायला जागा सोडली होती मी. पण उड्डाण पुढं ढकललं गेलं. टाक्या भरलेल्या होत्या, यान जमिनीवरच थांबून राहिलं, आणि मग वर्षभराचा प्रवास. सील मी धरलं होतं त्यापेक्षा फार जास्त भिजलं. मला उड्डाणाच्या आधी एकदा वाटलं होतं की परत तपासावं. मग वाटलं, चालेल." तिनं शाल खांद्यावरून काढून बाजूला फेकली. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

आता यावर माणूस काय करतो? जवळ घेतो, पाठीवरून हात फिरवतो. डॉक्टर म्हणाले, "थांब थांब. सील फुगलं तर व्हॉल्व्ह मुळीच उघडणार नाही. इंजिन पेटलंच नसतं."

"पेटलं होतं," ती म्हणाली. "आकडा आधी थोडा उतरला, पाहिला नाहीत का तुम्ही?"

"मग अर्धवट उघडला. अर्धवट उघडायला अडकलं कुठं?"

"काढून दाखवते. खडू आहे?"

आणि मग जे सुरू झालं ते विचारूच नका. तिनं फरशीवर हातभर लांबीचा व्हॉल्व्ह काढला, चौघं त्याच्याभोवती उकिडवे बसले. बाईंनी फुगण्याचा हिशेब मागितला, तो तिनं तोंडी केला, बाईंनी चूक काढली, चूक बाईंचीच निघाली. मास्तर म्हणाले, कापड आधी भिजवून, आटवून मगच कापतात, तुम्ही सील आधी भिजवून का घेतलं नाहीत? ती म्हणाली, घेतलं होतं, पण पुरेसं नाही. मास्तर म्हणाले, पुरेसं म्हणजे किती ते कुणी ठरवलं? "मी," ती म्हणाली. "मग चुकलीस," मास्तर म्हणाले, आणि तिनं त्यांच्यावर असा आवाज चढवला की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. आईनं बिस्किटांची ताटली तिच्यापुढं सरकवली. चार दिवस घास न उतरणारी पोर भांडता भांडता ती ताटली रिकामी करून बसली, तिला पत्ताच नाही. आईनं दुसरी भरली.

बाहेर उजेड कमी झाला तेव्हा प्रश्न संपले होते. सगळ्यांचे गुडघे आणि हात खडूनं पांढरे. बाई म्हणाल्या, "हे तू तुझ्या वरच्यांना सांगायला हवंस."

"सांगितलं की ते अपयश माझं होईल."

शेवटी व्हॉल्व्हराव तिच्या शेजारी फरशीवर बसले.

"ते तुझंच आहे, बाळा," ते म्हणाले. "नाही सांगितलंस तरी तुझंच. मी आठ दिवस नाही म्हणून पाहिलं, मला जमलं नाही. तुला जन्मभर कसं जमेल?"

ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, पोटभर, आवाज करून. मास्तरही रडले, पण त्यांचं काय, ते जाहिराती बघूनही रडतात. रडून झाल्यावर तिनं तिथूनच, सगळ्यांसमोर, आपल्या साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून फारसं काही आलं नाही. "उद्या ये," एवढंच. नोकरी राहील की जाईल, काही कळायला मार्ग नव्हता. सकाळी ती गेली. व्हॉल्व्हराव तिला सोडायला गेले आणि परत येताना भेटलेल्या एकाही माणसाशी बोलले नाहीत, हे त्या रस्त्यानं पहिल्यांदा पाहिलं.

चौकशीला पुढं बरेच महिने लागले. अहवाल जाहीर झाला तेव्हा मंडळी जमलेलीच होती. बाईंनी वाचायला घेतला, पण व्हॉल्व्हरावांनी तो आधीच वाचला होता. एकदा नाही, शेवटच्या पानापर्यंत दोनदा. सांध्याबद्दल काही लिहिलंय का, चिरेबद्दल, आकड्यांबद्दल, निदान सूर्याबद्दल तरी एखादी ओळ, असं शोधत शोधत. नव्हती. व्हॉल्व्हच होता, आणि सीलच होतं.

डॉक्टर उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी हात पुढं केला. "जिंकलात."

"चला, काहीतरी दुसरं बोला," व्हॉल्व्हराव म्हणाले. अख्खं आयुष्य ज्या एका विजयासाठी भांडले, तो आला तेव्हा त्यांना तो कुणाला तरी देऊन टाकावासा वाटत होता. मास्तर मागतील का, असंही त्यांनी एकदा मनात आणलं.

तेवढ्यात फोन वाजला. शंकाबाईचा. व्हॉल्व्हरावांनी स्पीकर लावला, तर ती म्हणाली, "बाबा, आधी तुम्ही एकटे ऐका." त्यांनी फोन कानाला धरला. बाकीचे तिघं उगाच पंपांकडं बघत बसले.

"वाचलात ना?"

"वाचला."

"तेच होतं."

"हो."

"बाबा, दुसरं यान मंजूर झालंय. त्याच धोंड्याकडं. व्हॉल्व्ह मलाच दिलाय. साहेब म्हणाले, हा कसा बिघडतो हे हिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे? काही जणांना ते आवडलेलं नाही. मला स्वतःला रात्रभर भीती वाटली." ती थांबली. "अजून कागदावरच आहे तो. तुम्ही लोक कायम यान पडून झाल्यावर पंचनाम्याला बसता. या वेळी आधी बसाल का? मी रविवारी येते. अजिबात दयामाया नको. कुठं कुठं अडकेल ते सगळं सांगा मला."

"ये," एवढंच व्हॉल्व्हरावांनी कसंबसं म्हटलं, आणि फोन ठेवून तिथंच, अर्ध्या उघडलेल्या पंपावर बसले. डोळे वाहत होते, पुसायचं भान नव्हतं.

आतून बायको धावत आली. तिनं फोनची घंटा ऐकली होती आणि आता नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"रविवारी येतेय," व्हॉल्व्हराव म्हणाले.

"का? पुन्हा काय झालं?"

"काही झालेलं नाही गं," ते म्हणाले. "होऊ नये म्हणून येतेय."